मायक्रोआरएनएच्या तपासणीआधी वडिलांचा ब्लॉक पाहावा

पत्र

आदरणीय मॅडम,

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. वडील ५९ वर्षांचे असून यंत्रमाग कारखान्यात तीस वर्षे जॉबर होते. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास त्यांना शौचावाटे रक्त जाऊ लागले. मूळव्याध समजून आम्ही महिनाभर औषध दिले, नंतर तपासणीत मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला कॅन्सरची गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली असून आता केमोथेरपी सुरू आहे. रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली आहे. बायोटेक्नॉलॉजी शिकणारा माझा मावसभाऊ म्हणतो की हा कॅन्सर नॉन-कोडिंग आरएनएमुळे वाढतो. मध्यंतरी एका खासगी लॅबचा प्रतिनिधी घरी येऊन गेला. वडील, भाऊ (वय ३६) आणि मी (वय ३३) अशा तिघांच्या रक्तातील मायक्रोआरएनए मोजले, तर वडिलांचा आजार उलटेल का आणि आम्हाला होईल का हे कळते, असे त्याने सांगितले. तिघांचे मिळून ४८ हजार रुपये होतात. आई पाटल्या मोडायला निघाली आहे. काका (वय ५४) आणि आत्या (वय ५१) म्हणतात, आमचे वय झाले, पोरांचीच तपासणी करा. हा आरएनए नेमके काय करतो? तपासणी करावी का? यावर औषध आहे का? कोरोनाच्या लशीत आरएनए होता, त्याचा काही संबंध असेल का? आमची आजी, म्हणजे वडिलांची आई, विड्या वळायची. तिलाही पन्नाशीच्या आत गर्भपिशवीचा कॅन्सर झाला होता, म्हणून जास्तच भीती वाटते.

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, आईंना पाटल्या मोडू देऊ नका. तिघांपैकी कोणाचीही ही तपासणी आज करण्याची गरज नाही, कारण तिचा निकाल काहीही आला तरी वडिलांच्या उपचारात एका गोळीचाही फरक पडणार नाही, आणि तुम्हा भावंडांना धोका आहे की नाही हेही त्यावरून ठरणार नाही. मात्र पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही आजींविषयी जे वाक्य जाता जाता लिहिले आहे, ते मला सोबतच्या रिपोर्टइतकेच महत्त्वाचे वाटले. त्याकडे मी येणारच आहे. पण हा आरएनए काय करतो हे तुम्ही सर्वांत आधी विचारले आहे, आणि ते समजल्याशिवाय लॅबच्या माणसाला नकार देताना तुमच्या मनात खुटखुट राहील, म्हणून सुरुवात तेथूनच करते.

तुमच्या मावसभावाच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा डीएनए असतो आणि त्यातील जेमतेम दीड ते दोन टक्के भागात प्रथिने बनवण्याचा मजकूर, म्हणजे सुमारे २० हजार जनुके असतात. पेशीला एखादे प्रथिन हवे असले की ती त्या जनुकाची नक्कल काढते. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. उरलेला डीएनए निरुपयोगी आहे असे एके काळी मानले जात असे, परंतु त्याच्याही बऱ्याच भागाच्या नकला निघतात हे पुढे दिसून आले. त्यांच्यावरून प्रथिन बनत नाही, म्हणून त्यांना नॉन-कोडिंग आरएनए असे नाव पडले. त्यांतील अनेक आरएनए स्वतःच कामाला लागतात, आणि ते काम मुख्यतः दुसऱ्या जनुकांवर देखरेख ठेवण्याचे असते.

हे वडिलांना समजावून सांगणे तुम्हाला कठीण जाणार नाही. सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते, हे त्यांनी तीस वर्षे पाहिले आहे. त्या पुठ्ठ्याचा एक कणही चादरीत विणला जात नाही, पण कोणता उभा धागा उचलला जाईल आणि कोणता खाली राहील हे ती भोकेच ठरवतात, आणि पुठ्ठा चुकीचा लागला तर सूत उत्तम असूनही मोराची मान भलतीकडे जाते. नॉन-कोडिंग आरएनएचे काम साधारण तसे आहे. फरक एवढाच की पुठ्ठ्याचे भोक धागा एक तर उचलते किंवा उचलत नाही, मायक्रोआरएनए मात्र एकाच वेळी शेकडो संदेशांचा आवाज थोडा थोडा कमी करतो.

मायक्रोआरएनए हा या कुळातील सर्वांत लहान सदस्यांपैकी एक आहे. त्याची लांबी अवघी २२ अक्षरांच्या आसपास असते. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या अमेरिकी शास्त्रज्ञांना तो १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत सापडला, आणि त्या शोधासाठी त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा इवलासा तुकडा संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडील जुळत्या अक्षरांवर जाऊन बसतो, आणि मग त्या संदेशावरून प्रथिन बनणे मंदावते किंवा तो संदेशच मोडून टाकला जातो.

आता आतड्याकडे येऊ. मोठ्या आतड्याचे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यात चाचणीनळ्या ओळीने उभ्या कराव्यात तशा खोलगट ग्रंथी दिसतात. तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत वरच्या टोकाला पोहोचून गळून पडतात. इतक्या वेगाने नूतनीकरण चालणाऱ्या जागी ‘वाढा’ आणि ‘थांबा’ या दोन्ही आज्ञा अचूक असाव्या लागतात. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कॅन्सरमध्ये सुरुवातीलाच एपीसी नावाच्या जनुकात बिघाड झालेला आढळतो. हे जनुक ‘थांबा’ म्हणणारे आहे. ते निकामी झाले की बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन पेशीत साठत जाते आणि एमवायसी हे वाढीचे जनुक जोरात चालू होते. या टप्प्यावर नॉन-कोडिंग आरएनए ठळकपणे दिसू लागतात, कारण एमवायसीच्या हुकमाने ‘१७-९२’ या नावाने ओळखला जाणारा मायक्रोआरएनएचा एक अख्खा गट वाढतो, आणि तो गट पेशीच्या आणखी काही लगामांचे संदेश दाबून टाकतो. पीटेन हा त्यांतला एक लगाम. याच पीटेनला मायक्रोआरएनए-२१ देखील दाबतो आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये त्याचे प्रमाण वाढलेले वारंवार आढळते. उलट मायक्रोआरएनए-३४ हा गट पी५३ या रखवालदार जनुकाच्या सांगण्यावरून वाढ रोखण्याचे काम करतो, आणि पी५३ बिघडले की त्याचाही आधार सुटतो.

लांब आरएनएही असतात. २०० अक्षरांहून मोठे ते लांब, अशी ढोबळ व्याख्या आहे. आठव्या गुणसूत्रावर एमवायसीपासून बऱ्याच अंतरावर असलेल्या एका जागी एकाच अक्षराचा फरक असला तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, असे २००७ मध्ये मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांतून दिसले. त्या जागी प्रथिनाचे जनुकच नसल्याने हे कोडे होते. नंतर तेथूनच सीसीएटी-२ नावाचा लांब आरएनए निघतो आणि तो एमवायसीला चेतवतो असे आढळले. हॉटेअर नावाचा दुसरा लांब आरएनए डीएनएचा काही भाग गुंडाळून बंद करणाऱ्या प्रथिनांना सोबत घेऊन काम करतो, आणि गाठीत त्याचे प्रमाण जास्त असलेल्या रुग्णांमध्ये आजार यकृतात पसरलेला अधिक वेळा दिसला आहे.

म्हणजे वाढीशी संबंध खरा आहे. मग मोजून का पाहू नये? याचे उत्तर मला माझ्या स्वतःच्या कामातून द्यावेसे वाटते. पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझा बहुतेक जन्म आतड्याचे तुकडे काचेवर पाहण्यात गेला आहे. ज्याला आपण ‘कॅन्सरची गाठ’ म्हणतो, ती काचेवर कधीच निव्वळ कॅन्सरच्या पेशींची नसते. वेड्यावाकड्या झालेल्या ग्रंथी असतात, पण त्यांच्याभोवती तंतू विणणाऱ्या पेशी, रक्तवाहिन्या, संरक्षक पेशी आणि आतड्याचे स्नायू यांची गर्दी असते, आणि कधी कधी ही गर्दी मूळ कॅन्सरपेक्षा अधिक जागा व्यापते. असा तुकडा वाटून त्यातील आरएनए मोजला, तर तो कोणाच्या घरातून आला हे त्या आकड्यावरून कळत नाही. याचे एक मोठे उदाहरण आहे. मायक्रोआरएनए-१४३ आणि १४५ हे दोघे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये कमी झालेले असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते कॅन्सर रोखणारे असावेत असे अनेक वर्षे मानले गेले. पुढे, २०१४ मध्ये, उंदरांवरील बारकाईच्या प्रयोगांतून असे निघाले की हे दोघे अस्तराच्या पेशींत नव्हे, तर मुख्यतः खालच्या स्नायू आणि आधारपेशींत असतात. निरोगी तुकड्यात स्नायू जास्त आणि गाठीत कमी, म्हणून आकडा कमी दिसण्याला हेही एक कारण होते. मायक्रोआरएनए-२१ सुद्धा गाठीत बऱ्याच वेळा कॅन्सरच्या पेशींपेक्षा भोवतालच्या तंतुपेशींत अधिक दिसतो.

गाठीचीच ही गोष्ट, तर रक्ताची आणखी अवघड आहे. रक्तात फिरणारे पुष्कळसे मायक्रोआरएनए मुळात रक्तपेशींतूनच आलेले असतात. नमुना घेताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील मायक्रोआरएनए-९२ए आणि १६ बाहेर येतात, आणि यांतील ९२ए हा तर आतड्याच्या कॅन्सरची खूण म्हणून सुचवला गेलेला आहे. मायक्रोआरएनए-२१ इतर कॅन्सरमध्ये, हृदयाच्या विकारात आणि साध्या दाहातही वाढतो. वडिलांची शस्त्रक्रिया झाली आहे, केमो चालू आहे, जखमा भरत आहेत. अशा वेळी आकडा वाढलेला आला तर तुम्ही सगळे रात्रभर जागाल, आणि त्याचा अर्थ मात्र तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांनाही लावता येणार नाही. आजार परत येतो का यावर नजर ठेवण्यासाठी डॉक्टर सीईए ही रक्ततपासणी काही महिन्यांच्या अंतराने करतील, ठरावीक काळाने सीटी स्कॅन होईल आणि शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्षभराने कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, होईल. या तपासण्या चुकवू नका. त्यांचा निकाल आला की पुढे काय करायचे हे ठरलेले आहे.

औषधाविषयी थोडक्यात सांगते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मायक्रोआरएनएवर आधारित एकही औषध आज मान्यताप्राप्त नाही. मायक्रोआरएनए-३४ बाहेरून तयार करून देण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला होता. ती माणसांवरील चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण काही रुग्णांच्या प्रतिकारशक्तीने तीव्र प्रतिक्रिया दिली आणि त्यात मृत्यूही झाले. आरएनएवरच काम करणारी दुसऱ्या प्रकारची काही औषधे बाजारात आहेत, उदाहरणार्थ एक कोलेस्टेरॉलसाठी आहे, पण ती यकृतात पोहोचतात म्हणून काम करतात, आणि गाठीच्या प्रत्येक पेशीपर्यंत असा तुकडा सुखरूप नेणे अजून साधलेले नाही. तेव्हा कोणी ‘आरएनए दुरुस्त करणारी’ पावडर किंवा कॅप्सूल घेऊन आले तर त्याला दारातूनच परत पाठवा. लशीची भीतीही सोडा. आपल्याकडे बहुतेकांना मिळालेल्या कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन या लशी आरएनए तंत्राच्या नव्हत्याच, आणि ज्या देशांत तशा लशी दिल्या गेल्या तेथेही त्यांतील आरएनए संदेशवाहक प्रकारचा, थोड्याच दिवसांत विरून जाणारा होता.

आता आजींकडे येते. वडिलांना साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि त्यांच्या आईला पन्नाशीच्या आत गर्भपिशवीचा कॅन्सर, ही जोडी कानावर आली की लिंच सिंड्रोमचा विचार केलाच पाहिजे. मोठ्या आतड्याच्या दर १०० कॅन्सरपैकी सुमारे ३ या आनुवंशिक कारणाने होतात. पेशी विभागताना डीएनएच्या नकलेत राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी जनुके या कुटुंबांत जन्मतःच सदोष असतात. या कुटुंबांत मोठ्या आतड्याच्या जोडीने सर्वाधिक आढळणारा कॅन्सर गर्भाशयाच्या आतील अस्तराचा असतो. यात एक अडचण आहे. आपल्याकडे ‘गर्भपिशवीचा कॅन्सर’ या एकाच शब्दात दोन वेगळे आजार येतात. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर विषाणूमुळे होतो, त्या पिढीच्या बायकांत तो फार होता, आणि लिंचशी त्याचा संबंध नाही. अस्तराचा असेल तर मात्र आहे. म्हणून आजींचे जुने केस पेपर शोधा. पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, जेथे घरातील म्हातारी माणसे कागद जपून ठेवतात तेथे पाहा. कागद नसले तर आत्यांना विचारा की पिशवी काढली होती का, की नुसते शेक, म्हणजे रेडिएशन, दिले होते. आजी ज्या दवाखान्यात होत्या तेथील रेकॉर्ड विभागातही विचारणा करता येईल.

कागद सापडोत वा न सापडोत, एक तपासणी वडिलांच्या बाबतीत व्हायलाच हवी, आणि तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये ती मला दिसली नाही. रिपोर्ट बाकी नीट आहे. गाठ आतड्याच्या स्नायूपलीकडे गेलेली, १६ लसिकाग्रंथी तपासल्या, त्यांपैकी २ मध्ये कॅन्सर, म्हणजे तिसरी पायरी. किमान १२ ग्रंथी तपासाव्यात असा दंडक आहे, तो पाळला गेला आहे. पण एमएमआर, म्हणजे डीएनएच्या नकलेतील चुका दुरुस्त करणाऱ्या, प्रथिनांचा उल्लेख नाही. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही चार दुरुस्तीची प्रथिने गाठीच्या पेशींत आहेत की नाहीत, हे त्याच काढलेल्या गाठीच्या, मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या तुकड्यावर रंग देऊन पाहता येते; या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. वडिलांना पुन्हा सुई टोचावी लागत नाही आणि खर्च लॅबने सांगितलेल्या रकमेच्या आसपासही नसतो. पुढील केमोच्या दिवशी डॉक्टरांना एवढेच विचारा: “एमएमआर तपासणी झाली आहे का, आणि नसेल तर ब्लॉकवर करून देता येईल का?”

चारही प्रथिने शाबूत निघाली तर लिंचची शक्यता फारच कमी होते. एखादे नाहीसे असेल, तर पुढची पायरी वडिलांच्या रक्तातील जनुकांची तपासणी ही असते. नाहीसे झालेले प्रथिन एमएलएच१ असेल तर मात्र त्याआधी आणखी एक चाचणी गाठीवर करावी लागते, कारण ते प्रथिन आनुवंशिकतेशिवायही नाहीसे होऊ शकते. वडिलांमध्ये जनुकीय दोष निश्चित झाला, तरच तुमची आणि भावाची त्या एका दोषासाठी रक्ततपासणी करायची. तो तुमच्याकडे येण्याची शक्यता निम्मी असते. आला नसेल तर तुमची धास्ती त्या दिवशी संपते, आणि आला असेल तर विशीतील वयापासूनच दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून गाठ होण्यापूर्वीच मोड (पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढणारे छोटे उंचवटे; मूळव्याधीचे मोड नव्हेत) काढून टाकता येतात. आजींच्या आजाराचे उत्तर मिळते ते या वाटेने. शिवाय प्रथिने नाहीशी असलेल्या गाठींवर इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारी, काही औषधे चांगली लागू पडतात, त्यामुळे आजार कधी पसरलाच तर हा निकाल डॉक्टरांना त्या वेळीही उपयोगी पडेल.

काका आणि आत्या ‘पोरांचीच करा’ म्हणतात, त्यामागे माया आहे, पण क्रम उलटा आहे. लिंच नसले तरी, साठीच्या आत हा कॅन्सर झालेल्या माणसाच्या सख्ख्या नात्यातील प्रत्येकाने चाळिसाव्या वर्षापासून, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून, यांतील जे आधी येईल तेव्हापासून कोलोनोस्कोपी करावी आणि ती दर पाच वर्षांनी करत राहावी, असा अनेक तज्ज्ञ संस्थांचा सल्ला आहे. सख्ख्या नात्यात मुलांइतकीच भावंडेही येतात. तुमच्या काकांचे वय ५४ आणि आत्यांचे ५१ आहे, म्हणजे त्यांची वेळ आजच आली आहे. भावाला अजून चार वर्षे आहेत. आतड्यातील मोडाचा कॅन्सर होण्यास साधारण दहा वर्षे लागतात, आणि त्या काळात तो दुर्बिणीतून काढून टाकला तर पुढचे काहीच होत नाही. पोट साफ करण्याचे औषध प्यावे लागते, एक दिवस जातो, आत्या लाजतील. त्यांना तुम्ही सोबत घेऊन जा. आणि तुम्हा भावंडांपैकी कोणालाही शौचावाटे रक्त गेले, तर वयाची वाट न पाहता आणि मूळव्याधीचे औषध सुरू न करता तपासून घ्या.

खाण्यापिण्याचे तुम्ही विचारलेले नाही, पण आरएनएशी त्याचा एक संबंध आहे म्हणून सांगते. वर आलेला ‘१७-९२’ गट निरोगी माणसांच्या गुदाशयाच्या अस्तरात मोजून पाहिला गेला आहे. चार आठवडे रोज ३०० ग्रॅम तांबडे मांस खाल्ल्यावर तो वाढला, आणि त्याच आहारात आतड्यात ब्युटिरेट (आतड्यातील जिवाणू चोथ्यापासून बनवतात ते आम्ल) पोहोचवणारा खास पिष्टमय पदार्थ घातल्यावर तो पूर्ववत झाला. हा प्रयोग २३ जणांवरचा, थोड्या दिवसांचा होता. त्यावरून ज्वारीच्या भाकरीने कॅन्सर टळतो असे मी म्हणणार नाही, पण आपल्या जिल्ह्याची भाकरी, डाळी आणि भाज्या सोडून ब्रेड-बिस्किटांवर जाण्याचे काही कारण नाही एवढे नक्की म्हणेन. वडिलांना मात्र केमोच्या दिवसांत जुलाब होत असतील तर डॉक्टर सांगतील तोच हलका आहार द्या, भाकरी नंतर.

शेवटी त्या ब्लॉकविषयी. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या छोट्या ठोकळ्यांत बंद करून पॅथॉलॉजी विभागात ठेवलेले असतात. मायक्रोआरएनए इतका आखूड असतो की लांब आरएनए तुटून गेले तरी तो मेणातील तुकड्यात वर्षानुवर्षे बऱ्यापैकी टिकतो. उद्या यांतील एखादी तपासणी उपचारासाठी खरोखर उपयोगी ठरली, तर ती वडिलांच्या याच ठोकळ्यावर करता येईल. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात एक क्रमांक छापलेला आहे, तो वहीत उतरवून ठेवा. एमएमआरसाठी ब्लॉक बाहेर पाठवावा लागला तर कोणते ठोकळे, कोणत्या तारखेला, कोठे गेले याची पावती घ्या, आणि काम झाल्यावर ते परत जमा झाले आहेत याची स्वतः जाऊन खात्री करा.